आत्या नाव ठेवते!

बारशाला कानात 'कुर्र' करणाऱ्या आत्याने भाचीला अठराव्या वाढदिवसाला काय द्यावं? परफ्यूम, स्नीकर्स, की चक्क पोस्टाचं पासबुक?

"आत्या, माझं नाव छापलंस ना, तर बघच!"

ही गोड धमकी माझ्या भाचीची. 'तुझ्या वाढदिवसावर लिहितेय' म्हटल्यावर बाईसाहेबांनी दोन्ही कानांतले इअरबड्स काढले (हीच मुळात ब्रेकिंग न्यूज!) आणि वरचं वाक्य ऐकवलं. तेव्हा या लेखात ती फक्त 'बाईसाहेब'. आता यातली गंमत अशी, की जे नाव छापायला मला बंदी आहे, ते ठेवलंय मीच!

२३ सप्टेंबर २००७, रविवार. पुण्यात गणपतीची धामधूम आणि कोथरूडच्या आमच्या घरात झेंडूच्या माळांनी सजलेला पाळणा. बाळाचा बारावा दिवस. आत्या म्हणून नाव ठेवण्याचा मान माझा. मी वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' केलं, नाव सांगितलं आणि पाठीत असे काही धपाटे बसले की विचारू नका. आमच्याकडच्या बायका या बाबतीत भलत्याच उत्साही! मग घुगऱ्या, पेढे, फोटो. दुसऱ्याच दिवशी धोनीच्या टीमने जोहान्सबर्गला पाकिस्तानला हरवून टी-ट्वेंटीचा वर्ल्डकप जिंकला. 'पोरीचा पायगुण!' म्हणत आमच्या बाबांनी अख्ख्या सोसायटीत पुन्हा पेढे वाटले. धोनीला क्रेडिट शून्य.

तर या बाईसाहेब १२ सप्टेंबर २०२५ ला अठरा वर्षांच्या झाल्या. आणि आत्या या नात्याने गिफ्ट काय द्यायचं, हा यक्षप्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

रंगीत ड्रेस आणि छत्तीस फोटो

आमच्या लहानपणी वाढदिवस दोन असायचे. एक तिथीने, एक तारखेने. तिथीचा वाढदिवस आजीचा. सकाळी अंगाला तेल, डोक्यावरून पाणी, पाटाभोवती रांगोळी, मग औक्षण. सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळायची, डोक्यावर अक्षता आणि वाटीत शेवयांची खीर. विषय संपला.

तारखेचा वाढदिवस मात्र आमचा! त्या दिवशी शाळेत युनिफॉर्मला सुट्टी. रंगीत ड्रेस घालून रावळगावच्या गोळ्यांचा डबा घेऊन वर्गावर्गांतून फिरायचं आणि बाईंना दोन गोळ्या जास्त द्यायच्या. संध्याकाळी बिल्डिंगमधली पोरं. मेनू वर्षानुवर्षं फिक्स: बटाटेवडा, वेफर्स, रसना आणि साखरेचं गुलाबाचं फूल असलेला केक. त्या एका फुलावरून आमच्यात दरवर्षी महायुद्ध. संगीत खुर्ची, मग जाताना प्रत्येकाला नटराजची पेन्सिल आणि खोडरबर. कॅमेऱ्यात रोल छत्तीस फोटोंचा, तोही दिवाळीपर्यंत पुरवायचा. त्यामुळे वाढदिवसाच्या वाट्याला फोटो चार. त्यातल्या दोनमध्ये माझे डोळे मिटलेले!

मेणबत्त्या विझवण्यावर आजीचा कायमचा आक्षेप. "अगं, वाढदिवसाला दिवा लावतात, विझवतात कशाला?" आम्ही हसायचो आणि फुंकर मारायचो.

बाईसाहेबांचा वाढदिवस रात्री बाराला सुरू होतो. केक पोटात कमी आणि तोंडावर जास्त. फोटो छत्तीस नाही, तीनशे छत्तीस, आणि एकातही कुणाचे डोळे मिटलेले नाहीत, कारण तसे असतील तर ते डिलीट होतात. मला तक्रार नाही हं. मजा तेव्हाही होती, मजा आताही आहे. फक्त कधीकधी वाटतं, त्या मिटलेल्या डोळ्यांच्या फोटोंवर आम्ही आजही जितकं हसतो, तितकं या तीनशे छत्तीसवर पुढे कुणी हसेल का?

अक्षरी रुपये एकशे एक फक्त

माझा अठरावा वाढदिवस नोव्हेंबर १९९४ मधला. काय वर्ष होतं ते! मे महिन्यात सुष्मिता मिस युनिव्हर्स झाली, ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन' आला आणि पुण्यातल्या प्रत्येक लग्नात माधुरीची जांभळी साडी दिसायला लागली. नोव्हेंबरात ऐश्वर्या मिस वर्ल्ड. आम्ही सगळ्या मैत्रिणी आरशासमोर उभं राहून अदृश्य मुकुट घालत होतो.

मला हवा होता वॉकमन. निदान जीन्स तरी. आमची अक्काआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, साताऱ्याहून खास एसटीने आली. पिशवीतून तिने कंदी पेढ्यांचा पुडा काढला आणि त्याखालून एक खाकी पाकीट. मी धडधडत्या छातीने उघडलं. आत पोस्टाचं सेव्हिंग पासबुक! माझ्या नावाचं. शिल्लक अक्षरी रुपये एकशे एक फक्त.

आठवतंय ना, काही दिवस आधी तिने माझ्याकडून कसल्यातरी फॉर्मवर सह्या घेतल्या होत्या? मला वाटलं होतं, कसली तरी लॉटरी असेल. माझा चेहरा असा काही पडला की आईने डोळे वटारले. अक्काआत्या मात्र शांतपणे म्हणाली, "बारशाला नाव मी ठेवलं. आता त्या नावावर काहीतरी असू दे. आणि हे खातं कधी बंद करायचं नाही. लग्न झालं तरी नाही."

मी पासबुक कपाटात टाकलं आणि आठवडाभर फुगून बसले.

गंमत बघा. त्याच १९९४ साली महाराष्ट्राने वारसा कायद्यात बदल करून लग्न न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांइतकाच जन्मापासूनचा हक्क दिला होता. देशभर तो यायला २००५ साल उजाडलं. मला यातलं ओ का ठो ठाऊक नव्हतं. सुष्मिताने शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, ते मात्र पाठ!

तांदळातलं नाव

अक्काआत्या असं का वागली, ते मला खूप उशिरा कळलं.

तिचं लग्न पन्नासच्या दशकातलं. तेव्हा लग्नात मुलीचं आडनावच काय, पहिलं नावही बदलायची सर्रास पद्धत होती. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्या मुलाने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. सगळे टाळ्या वाजवणार, नवरी लाजणार. अक्काआत्याही लाजली. तोपर्यंत वीस वर्षं ज्या नावाला तिने 'ओ' दिली, ते नाव त्या दिवशी तांदळाखाली गेलं.

आठ वर्षांत नवरा गेला. सासरी राहणं जमेना. ही बाई मॅट्रिक पास होती, त्या काळात ही काही साधी गोष्ट नव्हती. नोकरीसाठी अर्ज केला, तर कारकून म्हणतो, "सर्टिफिकेटवरची बाई वेगळी आणि तुम्ही वेगळ्या." बरोबरच होतं त्याचं! सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं, रेशनकार्ड सासरच्या नावाचं. 'ती मीच' हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, सरकारी राजपत्रात नाव, हेलपाटे. वर्ष गेलं. त्या वर्षात भावाकडे, म्हणजे आमच्याच घरी, ती स्वयंपाकघराच्या दारात बसून जेवायची. कुणी तसं सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं.

नोकरी लागल्यावर तिने पहिल्या पगारातून काय केलं असेल? पोस्टात खातं उघडलं. माहेरच्या नावाने!

किराण्याची पावती कोण जपतं?

मला १९९८ मध्ये नोकरी लागली. अक्काआत्याने तिच्या ओळखीच्या पोस्टाच्या एजंट काकूंना माझ्या मागे लावलं. महिना पाचशेची आरडी. पाच वर्षांनी पिकली की पैसे त्याच खात्यात आणि आरडी पुन्हा सुरू. लग्नानंतर मी ती बंद करणार होते. 'दोघांचं एकच खातं असताना हे वेगळं कशाला?' असं मला स्वतःलाच वाटायचं. पण काकू चिवट! दर महिन्याच्या पाच तारखेला दारात हजर. कंटाळून का होईना, मी पैसे देत राहिले.

२०११ मध्ये मी घर सोडलं. तो व्हिलन नव्हता, मीही बिचारी नव्हते. जमलं नाही, इतकंच. पण निघताना हिशेब मांडला आणि डोळे उघडले. फ्लॅटचा हप्ता त्याच्या पगारातून जायचा, म्हणून फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर. वाणी, दूध, लाइटबिल, कामवाल्या मावशी हे सगळं माझ्या पगारातून. हप्त्याचा कागद बँक देते. किराण्याची पावती कोण जपतं?

माझ्या एकटीच्या नावावर उरलं होतं ते पोस्टाचं खातं. सव्वा लाखाच्या आसपास रक्कम. फार नव्हे. पण वारज्यात वन-रूम-किचनचं डिपॉझिट, गॅस, गादी आणि काही महिने कुणापुढे हात न पसरता काढण्याइतकी होती. त्या दिवशी मी साताऱ्याला फोन केला. पलीकडून फक्त एवढंच ऐकू आलं, "बंद केलं नाहीस ना? मग झालं तर."

"ताई, इथे सही कर"

इथवरची गोष्ट बाईसाहेबांना ठाऊक होती. पुढची मात्र आम्ही मोठ्यांनी त्यांच्यापासून लपवली होती. निदान तसा आमचा समज होता.

बाबा २०१८ मध्ये गेले. मृत्युपत्र नव्हतं. २०२३ मध्ये आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट ठरलं आणि कागदपत्रांची जमवाजमव सुरू झाली. एका रविवारी धाकटा भाऊ फाइल घेऊन आला. चहा झाला, पोहे झाले. मग त्याने कागद पुढे सरकवला. "ताई, इथे सही कर. वकिलांनी तयार करून दिलंय. फॉर्मॅलिटी आहे, सगळ्याच बहिणी करतात."

हक्कसोडपत्र. म्हणजे बाबांच्या घरावरचा माझा हक्क मी राजीखुशीने भावाला सोडत आहे, वगैरे वगैरे.

पटकन एक सांगते. बाबांनी स्वतः कमावलेलं घर आणि मृत्युपत्र नाही, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मी आणि भाऊ, तिघांचा वाटा सारखा. हा काही कालपरवाचा नियम नाही. आणि हक्कसोडपत्राची एकदा रीतसर नोंदणी झाली की ते मागे घेणं महाकठीण.

माझा भाऊ लबाड नाही. आजारपणात बाबांचं सगळं त्यानेच केलं. मला त्या घरात राहायला जायचं नव्हतं, पैसेही नको होते. पेन हातात घेतलं आणि मला स्वयंपाकघराच्या दारात जेवणारी अक्काआत्या दिसली. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "तू मागितलास म्हणून नाही. आधी माझं नाव लागू दे. मग मला द्यायचं असेल तर मी देईन."

तो काही बोलला नाही. फाइल उचलून गेला. त्या वर्षीची भाऊबीज माझ्या आयुष्यातली सगळ्यात शांत भाऊबीज! ओवाळलं, त्याने पाकीट ठेवलं, दोघांनी टीव्हीकडे बघत फराळ केला. नातेवाइकांत कुजबुज होतीच. 'एकटी आहे, हिला कशाला हवंय?' आत्या एक नाव ठेवते, बाकीचे सगळे नावं ठेवतात, ते हे असं!

मग दोनेक महिन्यांनी एका रात्री भावाचा फोन. "ताई, तो कागद फाडला. तिघांची नावं लावतोय." का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी अशाच होतात.

बाईसाहेब उवाच

आता परत त्या अठराव्या वाढदिवसाकडे. दुपारी मी बाईसाहेबांना घेऊन वैशालीत गेले. एसपीडीपी मागवली आणि पर्समधून खाकी पाकीट काढलं. त्यात पोस्टाचं नवंकोरं पासबुक, तिच्या नावाचं. (फॉर्मवरच्या सह्या मी आधीच घेतल्या होत्या. 'लॉटरी आहे' असं सांगून!) शिल्लक पाचशे एक.

"आत्या, सीरियसली? यूपीआय करायचंस ना!"

मी घसा खाकरला. तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी, वगैरे सुरुवात करून मोठं भाषण देणार होते. अक्काआत्या, तांदूळ, किराणा, सगळं. आणि शेवटी ते हक्कसोडपत्र, कारण बाईसाहेबांना धाकटा भाऊ आहे आणि उद्या असाच एक कागद तिच्याहीपुढे येऊ शकतो.

कागदापर्यंत पोचले, तर ती म्हणाली, "मला माहितीये ते."

"तुला? कसं?"

"तेव्हा दिवाळीत आईबाबा बोलत होते, मी ऐकलं. बाबांना विचारलं, मी मोठी झाले की मलाही असा कागद देणार का? चिरंजीवांसाठी? बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री खूप वेळ बाल्कनीत बसले होते."

माझा चमचा हातातच राहिला. सोळा वर्षांची होती तेव्हा ही! मी कायदा वाचत होते, वकिलांना फोन करत होते, रात्ररात्र जागत होते. आणि या पोरीने एका प्रश्नात बापाचं मन वळवलं. सल्ला द्यायला मी आले होते. माझ्या नावासाठी ही कधीच बोलून मोकळी झाली होती.

तिने टिश्यू पुढे केला. "रडू नकोस हं. लोक बघतायत."

तरीही आत्या ती आत्याच!

म्हणजे यादी ही आलीच. बाईसाहेब, आणि तुमच्यासारख्या सगळ्याच अठरा पूर्ण मंडळींनो, ऐका:

मत तुझं, नाव यादीत. पूर्वी मतदानाला एकवीस वर्षं लागायची. १९८९ पासून अठरा झाली. नाव नोंदवायला फॉर्म ६. आता वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण असलीस की झालं.

खातं तुझं, चावी तुझ्याकडे. लहानपणीच्या बँक खात्याची कागदपत्रं आणि सही अठराव्या वर्षी नव्याने द्यावी लागते. आधी पॅन काढलं असेल तर त्यावर फोटो-सही चढवून घे. पासवर्ड आणि ओटीपी प्रेमाचा पुरावा म्हणून कुणालाही द्यायचे नसतात. जो मागतो, त्याला कॉफी पाज आणि घरी पाठव.

सही म्हणजे ऑटोग्राफ नव्हे. 'फॉर्मॅलिटी आहे' हे शब्द कानावर पडले की खुर्चीत नीट सरसावून बस आणि पूर्ण कागद वाच. घरच्यांनी दिला असेल तर दोनदा वाच. (हो, लॉटरीवाल्या आत्याने दिला असेल तरीसुद्धा!)

लग्नानंतर नाव बदलायचं की नाही, हे तू ठरव. कायद्याची काहीही सक्ती नाही. बदलायचं तर हौसेने बदल. पण मग सगळे कागद एकदमच बदल. अर्धं इकडे, अर्धं तिकडे नको.

घर घेशील तेव्हा कागदावर तूही. हप्ता कुणाच्याही पगारातून जाऊ दे. महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. आणि किराण्याच्या पावत्या जप. जोक नाही!

मैत्रिणी सांभाळ. मी घर सोडलं त्या रात्री पोस्ट बंद होतं. मैत्रिणीचं दार उघडं होतं.

आणि केक खा. नुसता तोंडाला फासू नकोस.

अक्काआत्या आता नाही. तिच्या पेन्शनच्या कागदांवर शेवटपर्यंत दोन नावं होती, मध्ये 'ऊर्फ' लिहून. आमच्या घराच्या कागदांवर आज आईचं, भावाचं आणि माझं अशी तीन नावं आहेत. माझा वाटा मी पुढे कुणाला द्यायचा, ते मी ठरवलंय. बाईसाहेबांना इतक्यात सांगणार नाही. डोक्यात हवा जाईल!

संध्याकाळी घरी औक्षण झालं. केक आला, मेणबत्त्या लागल्या. बाईसाहेबांनी फुंकर मारायला गाल फुगवले, तेवढ्यात थांबल्या. म्हणाल्या, "पणजी काय म्हणायची गं? विझवायचे नाहीत ना?" आणि मेणबत्त्या तशाच ठेवून केक कापला. मेण सगळं क्रीमवर गळलं. कुणी काही बोललं नाही. एक तुकडा मी मेणासकट खाल्ला.

तर बाईसाहेब, दिलेला शब्द पाळलाय. तुझं नाव मी छापलेलं नाही. ते तू स्वतः छापून आण!